एका फर्लांगाचे टायर

टायर या विषयावर माणूस किती बोलू शकतो, हे मला माझ्या नवऱ्यानं जीप आणली त्या उन्हाळ्यात कळलं.

आमचे हे मिलिटरीत ड्रायव्हर होते. चीनच्या लढाईनंतर आणखी काही वर्षं त्यांनी डोंगरात गाड्या हाकल्या आणि पेन्शनीवर घरी आले. आले ते एकटे आले नाहीत. पुण्याला मिलिटरी मोडीत काढते त्या गाड्यांच्या, डिस्पोजलच्या लिलावात एक जुनी जीप घेतली आणि तीच चालवत तासगावकडच्या आमच्या गावात आणली. ती भाड्यानं चालवायची असा बेत होता. सांगलीच्या बाजाराला जाणारे हळद-गुळाचे व्यापारी, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, कामाला तोटा नव्हता. इंजिन चांगलं होतं. टायर मात्र तळहातासारखे गुळगुळीत झालेले, आणि एकातून तर आतले दोरे बाहेर डोकावत होते. पावसाळ्याच्या आत चारी टायर बदलणं भाग होतं. एवढीच साधी गोष्ट.

गावापासून सांगलीपर्यंत रस्ता डांबरी. गावातल्या गल्ल्यांवर मुरूम पडलेला. तो मुरूम चावडीपाशी येऊन थांबायचा. तिथून ओढ्याच्या अंगाला आमची वस्ती. धर्मांतर झालं, आम्ही बौद्ध झालो, तरी गाव सवयीनं वस्तीला राजवाडाच म्हणायचं. नाव राजवाडा आणि जायला रस्ता नाही. चावडीपासून आमच्या दारापर्यंत फर्लांगभर, म्हणजे अडीचशे-तीनशे पावलं, काळ्या मातीची पाणंद होती, ती पावसात माणसाच्या पायातलं पायताण ओढून घ्यायची. मी शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण. चार महिने मी चपला पिशवीत घालून घरातून निघायची आणि चावडीपुढच्या डबक्यात पाय धुऊन मग त्या घालायची.

तर ह्यांनी टायर बघायला सुरुवात केली. दिसेल त्या गाडीपुढं उकिडवं बसायचं आणि टायरच्या खाचांत बोट घालायचं. तासगावच्या स्टँडवर एसटीच्या मागच्या चाकापाशी बसले होते, तर कंडक्टरला वाटलं, माणसाला घेरी आली. माझ्या भावाच्या घरी मिरजेला गेलो, तिथं गल्लीत उभ्या असलेल्या ट्रकपाशी इतका वेळ बसले की ट्रकवाला येऊन म्हणाला, "काय पायजे तुमाला?" घरी मी भाकरीचं पीठ मळत असले की शेजारी येऊन बसायचे आणि पिठाच्या गोळ्यात अंगठे रोवायचे.

"ही बघ, अशी नक्षी असली की चिखल धरून ठेवतंय. आन् ही अशी आडवी, मोकळी, दातावानी असली की चिखल बाहेर टाकतंय."

"पीठ सोडा," मी म्हणायची. "पोरं उपाशी हायती."

सल्ला द्यायला तर सगळा मुलूख बसलेला. तासगावचा मेकॅनिक म्हणाला, साधे रस्त्याचे टायर घ्या, पेट्रोल कमी लागतं आणि टिकतात दुप्पट. माझा भाऊ तेच म्हणाला. सरपंचांनी तर ह्यांना चावडीवर बोलावून घेतलं.

"डायवर, साधं टायर टाका आन् गाडी ठेवा हितं पिंपळाखाली," ते म्हणाले. "आमची नजर ऱ्हाईल. लागली तर हाक मारू. गावचीच गाडी हाय म्हणायची."

हे "बगतो" म्हणाले आणि घरी येऊन जेवायला बसले. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "काय म्हनला सरपंच?" तर म्हणाले, "गाडी दारात ऱ्हाणार." एवढंच.

मला ह्यांचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. पण मला हिशेबही दिसत होता. वर्षातले आठ महिने पाणंद कोरडी, तेव्हा कुठलाही टायर चालतो. राहिले चार महिने. त्यात जीप दिवसभर डांबरीवर पळणार आणि रात्रीपुरती घरी येणार. त्या एका फर्लांगासाठी सगळ्या जिल्ह्याचा रस्ता दातेरी टायरवर खडखडत करायचा?

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर सांगलीला गेले, कारण मी गेले नाही तर हे टायर घेऊन येण्याऐवजी नुसती माहिती घेऊन येतील अशी माझी खात्री होती. तेव्हा टायर सहज मिळत नसत. दुकानदार आधी गिऱ्हाईकाकडे संशयानं बघायचा आणि मग आत जाऊन यायचा. पहिल्या दुकानात साधे टायर होते. ह्यांनी बोट घातलं, मान हलवली आणि बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात रिट्रेड होते, म्हणजे जुन्याच टायरांवर नवं रबर चढवलेले. ते ह्यांनी हुंगले. खरोखर नाक लावून हुंगले. "रबर जळालंय," म्हणाले. हळदीच्या पेठेतून उन्हात चालत तिसऱ्या दुकानात गेलो. माझ्या घशात हळदीची धूळ, पायाला चटके. तिथला दुकानदार बोलका होता.

"कुठं चालवणार गाडी?" त्यानं विचारलं.

"घरापर्यंत," हे म्हणाले.

"घर कुठं?"

ह्यांनी पाणंदीचं सगळं वर्णन केलं. माती कशी, उतार कुठं, ओढ्याचं पाणी कुठून फिरतं. दुकानदारानं निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग गाडी रस्त्यावर लावायची आणि चालत जायचं. त्यात काय!"

हे उठले आणि पायऱ्या उतरून चालू लागले. मी मागोमाग.

चौथ्या दुकानात मागच्या खोलीत पाहिजे तसे दातेरी टायर निघाले. आडवे जाड दात, मधे मोकळी खाच. मला वाटलं, सुटलो. पण हे एकेक टायर उजेडात आणून, फिरवून, दात मोजून, कडा दाबून बघू लागले. एक परत ठेवला, दुसरा मागितला. दुकानातला गडी टायर ने-आण करून घामाघूम झाला. शेवटी माझा तोल गेला.

"आवं, टायर घेताय का सून बघताय?"

दुकानदार हसला, गडी हसला, हेसुद्धा हसले. पण टायर बघायचे काही थांबले नाहीत.

चारी टायर बांधून झाल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर भाकरी सोडली. तिथं मी जे बोलायचं ते सगळं बोलले. साध्या टायरांत काय वाईट होतं, डांबरीवर हे दात किती लवकर झिजतील, आणि एका फर्लांगासाठी माणसानं किती खूळ करावं.

त्यांनी शांतपणे घास संपवला. म्हणाले, "त्या फर्लांगासाठीच तर टायर घ्यायचं हायती. बाकीचा रस्ता कुठल्याबी टायरवर जातोय."

मी लोणच्याची फोड त्यांच्या भाकरीवर जरा जोरातच ठेवली.

टायर बसले आणि दुसऱ्याच दिवसापासून मी म्हटलं तसं व्हायला लागलं. डांबरीवर जीप अशी घुमायची की जणू गिरणी चालू आहे. पोरं शाळेत मान वर करून म्हणायची, "बाई, तुमची गाडी आली." गाडी अजून दोन शेतांपलीकडे असायची. दात रस्त्यावर आपटून सगळी जीप थरथरायची. एक गुळाचे व्यापारी सांगलीपर्यंत कानांत बोटं घालून बसले आणि परत येताना एसटीनं आले. एका वऱ्हाडातली नवरी उलट्या करून बेजार झाली. मी काही म्हटलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "पाऊस पडू दे."

पडला. आषाढात झड लागली आणि पाणंदीचा लगदा झाला. त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून येत होते, छत्री धरून, चपला पिशवीत. चावडीच्या ओट्यावर सरपंच आणि चार-पाच माणसं पाणंदीकडे तोंड करून उभी होती. पुढं बघते तर निम्म्या पाणंदीत आमची जीप, आणि तिच्या भोवती वस्तीतले लोक.

सरपंच म्हणाले, "मास्तरीणबाई, सांगत हुतो आमी त्यास्नी. ऐकलं न्हाई. लय हट्टी हायती तुमचं डायवर."

मी चिखल तुडवत गेले. ते देखणे, निवडून निवडून घेतलेले टायर ओळखू येत नव्हते. काळी माती दातांत बसून, वर थर चढून, प्रत्येक चाकाचा गरगरीत गोळा झाला होता. कुठला दात आणि कुठली खाच. इतका संताप आला की छत्री मिटून त्या चाकावर हाणावीशी वाटली.

"हे का ते चिखल बाहेर टाकणारं टायर?"

"हवा जास्त हाय," हे म्हणाले. गुडघ्यावर बसून काडीनं दातांतली माती उकरत होते. मग एकेका चाकाची पिन दाबून हवा सोडायला लागले. फुस्स. टायर खाली बसले, पसरले.

"उन्हाळाभर टायर निवडलं आन् आता त्यातली हवा सोडताय?"

"चाक पसरलं की धरतंय. तू बस गाडीत."

"मी?"

"ढकलायला माणसं लागत्यात. मला चाकं बगत बगत मागनं ढकलायला पायजे. तुझं वजन सगळ्यांत कमी. नुस्तं स्टेरिंग सरळ धर, गाडी आपली आपण चालंल."

मी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. तरी चढले. पदर खोचला, चिखलाचे पाय खाली ठेवले आणि ते लोखंडी चाक दोन्ही हातांनी आवळून धरलं. ह्यांनी आत वाकून दांडे ओढले, चारी चाकांना जोर दिला, आणि मागं पळाले. वस्तीतल्या बायका-बाप्ये सगळे मागं लागले. गाडी गुरगुरली, डुलली, आणि मुंगीच्या पावलांनी चालू लागली. मागून हे ओरडत होते, "डावीकडं! डावीकडं घी! आगं, तुझी डावी!" मी मुलांना डावं-उजवं शिकवणारी बाई, पण त्या वेळी मला दोन्ही हात सारखेच वाटले.

पाणंद संपली. घरं आली. आमचं अंगण आलं. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की गाडी थांबवायची कशी हे मला कुणी सांगितलंच नाही. आत्या दारात उभ्या होत्या. त्या हात हलवून "थांब, थांब" म्हणत होत्या, जसं काही मी बैल हाकत होते. गाडीनं आधी धुण्याचा दगड उलथला, मग कोंबड्यांचं खुराडं सपाट केलं, आणि गोठ्याच्या भिंतीला नाक लावून आचका देऊन बंद पडली. कोंबड्या तेवढ्या आधीच सुटल्या होत्या.

"आली बया दारात!" आत्या म्हणाल्या. गाडीला म्हणाल्या का मला, कोण जाणे. पण सगळी वस्ती हसत होती आणि हे चिखलानं माखलेले, दात काढून, टायरभोवती फिरत होते.

झालं ते बरंच झालं. पण पुढचं माझ्या नशिबी होतं. हवा सोडलेल्या टायरवर डांबरीवर जाता येत नाही. म्हणजे रोज सकाळी पाणंद ओलांडली की चावडीपुढं चारी चाकांत पंपानं हवा भरायची, आणि संध्याकाळी चावडीपुढंच सोडायची. पाऊस असेल त्या प्रत्येक दिवशी. हे पायपंप मारायचे आणि दमले की मी पाय द्यायची, शाळेचं लुगडं सावरत. सरपंच ओट्यावर दात घासत बघत असायचे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायची.

श्रावणात एका सकाळी सरपंचांचे धाकटे भाऊ आमच्या अंगणात आले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वहाणा हातात, पाय पिंढरीपर्यंत काळे. त्या घरातलं माणूस आमच्या अंगणात मी पहिल्यांदाच बघत होते. गाडी चावडीवर असती तर त्यांनी गडी पाठवून हाक मारली असती. आता गाडी इथं होती, तर इथंच यावं लागलं.

"डायवर हायती का? आईला मिरजंला न्ह्यायचं हाय. छातीत दुखतंय."

"बसा," आत्या म्हणाल्या. आणि पाय धुवायला पाण्याची कळशी पुढं केली. ते क्षणभर कळशीकडे बघत राहिले. मग पाय धुतले. चहा "नगं, घाई हाय" म्हणाले, आणि घाई खरीच होती. हे तोवर गाडीत बसलेसुद्धा होते. म्हातारीला त्यांनी वेळेत पोचवलं. ती बरी होऊन आली आणि त्या दातेरी टायरांनी आपली हाडं कशी खिळखिळी केली, हे गावभर सांगत बसली.

त्यानंतर लोक येतच राहिले. हळदीवाला आला, गुरवाचा पोरगा आला, कानांत बोटं घालणारे गुळाचे व्यापारीसुद्धा आले. सगळे वहाणा हातात घेऊन, पाणंदीला शिव्या देत. काही पाणी घ्यायचे, काही घ्यायचे नाहीत. चहा घेणारे हळूहळू वाढले. शिव्या मात्र सगळेच द्यायचे. आमच्या वस्तीनं इतकी वर्षं रस्त्यासाठी अर्ज केले, त्यानं जे झालं नाही ते त्या शिव्यांनी झालं. दिवाळी सरल्यावर बैलगाड्या आल्या आणि चावडीपासून आमच्या दारापर्यंत मुरूम पडला.

त्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता, तरी मी चपला घालून घरातून निघाले आणि चपला घालूनच चावडीपाशी पोचले. मला वाटलं, आता तरी हा टायरांचा विषय संपला.

संध्याकाळी हे गाडीतून उतरले, चाकापाशी उकिडवे बसले आणि दातांवरून बोट फिरवून तोंड वाकडं केलं.

"मुरूम लय खरबरीत टाकलाय," म्हणाले. "टायर खातोय."

मी आत निघून गेले आणि चूल पेटवली.