बेडकीचा पाला आणि चाकणची बुंदी

मुलांनो, तुमच्या बाबांना मधुमेह निघाला आणि तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, आपल्याकडे कुठलासा पाला खायचे ना? गोळ्यांऐवजी तो चालेल?" चालणार नाही. पण त्या पाल्याची हकीकत सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

पन्नासच्या दशकात मी चिंचवडला सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती आणि बजावलं होतं, गोड सुटलं नाही तर अंगठा कापावा लागेल. सासूबाईंना तर गोड म्हणजे जीव की प्राण. त्यांनी कुंपणावरचा बेडकीचा वेल हाताशी धरला. त्याचं पान चावलं की काही वेळ जिभेला गोड कळतच नाही. साखर वाळूसारखी लागते. सणाला त्या आधी पान चावायच्या, मगच चुलीपाशी जायच्या.

चाकणला त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचं लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी कनवटीचं पान काढून चावलं. बुंदी वाढणाऱ्या जाऊबाईंनी ते पाहिलं.

"पाला खाल्लास न्हवं? मग घे की! गोडच लागत न्हाई, तर बाधंल कसं?"

त्यांच्या पलीकडच्या बाईला पटलं. "व्हय की! औषध तर आधीच पोटात गेलंय."

सासूबाईंनी पत्रावळीवर हात आडवा धरला. जाऊबाईंनी बोटांवरच बुंदी ओतली. "पोराच्या लग्नात चुलती तोंड गोड करीना, लोक काय म्हणतील?"

"जाऊबाई, पाला जिभेला फसवतो, रगताला न्हाई. आन् अंगठा माझा जाणार हाय, तुमचा न्हाई."

आणि त्या उठल्या. भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे यजमानाचा उघड अपमान. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. शिकलेली सून तरी सासूला खाली बसवील! मी हात धुतला आणि त्यांच्यामागून निघाले.

गाडीत त्या म्हणाल्या, "तू कशाला उठलीस गं, अर्धपोटी? बुंदी बरी हुती का?"

"छान होती."

"ठावं हाय मला. वास येत हुता."

त्या घरानं पुढे कित्येक वर्षं आम्हाला बोलावणं धाडलं नाही. सासूबाईंनीही वाट पाहिली नाही. इंजेक्शनं त्यांनी कधी सोडली नाहीत. जखम सावकाश भरली आणि अंगठा शेवटपर्यंत पायावर राहिला.

आपल्या घरात वाढणारी आजही एकदाच विचारते, आणि "नको" म्हटलं की पुढे सरकते.