साडेआठच्या गाडीतली मतं

कंडक्टर ताई तिकीट देऊन पुढे सरकत नसत. सोमवारी तरी नाहीच. नेरहून सकाळी साडेआठला सुटणाऱ्या यवतमाळ गाडीत त्या आधी सगळी तिकिटं फाडून घेत, मशीन खांद्याला अडकवत आणि मग मागच्या बाकापासून पुन्हा सुरुवात करत. या दुसऱ्या फेरीत त्या प्रत्येकाकडून काल संध्याकाळच्या भागावरचं मत घेत. गाडीत चव्वेचाळीस आसनं होती. उभे असलेलेही सुटत नसत.

भाग म्हणजे दर रविवारी आठ वाजता लागणारी एक विज्ञानमालिका. पृथ्वीपासून फार दूर, एका ओसाड ग्रहावर माणसांची वस्ती, तिथलं पाणी, तिथली यंत्रं, तिथली भांडणं. मी राहायला नेरला आणि यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, अजूनही आहे. या मालिकेचं परीक्षण दर मंगळवारी माझ्या नावानं छापून येई. सोबत प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांची एक चौकट असे. पान सोमवारी दुपारी छपाईसाठी लागायचं, म्हणजे सोमवारच्या सकाळी मला आणि ताईंना एकच काम असे. मला त्याचा पगार मिळत होता. लोक ऐकायचे त्यांचं.

त्यांचा पहिला नियम असा होता की ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांचं मत आधी. त्यासाठी त्या आधी गोष्ट सांगत. तिसऱ्या रांगेत खिडकीशी एक आजोबा बसत, कोर्टाच्या कामासाठी दर सोमवारी यवतमाळला जाणारे. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. ताई दांडीला पाठ टेकवून त्यांना पाच-सात मिनिटांत अख्खा भाग सांगत. यान कसं उतरलं हे दाखवायला त्यांना हात लागत नसे, नुसता आवाज खाली येई. मी तोच भाग मोठ्या पडद्यावर, वही घेऊन पाहिलेला असे. त्यांनी तो अर्धाअधिक स्वयंपाकघरातून, भाकऱ्या थापता थापता पाहिलेला असे. तरी त्यांच्या सांगण्यात मला न दिसलेल्या गोष्टी येत. मी त्या वहीत उतरवून घेई आणि पान उलटून ठेवी, म्हणजे शेजारच्याला दिसू नये.

"ज्यानं पाहिलं नाही त्याले म्युझिक ऐकू येत नाही ना," एकदा त्या मला म्हणाल्या. "म्हून त्याले बरोबर समजते."

दुसरा नियम याहून कडक होता. कुणी "मस्त होता भाग" म्हणालं की त्या मान हलवत. "आवडला का नाही आवडला ते राहू द्या. तुम्ही तिथं असते तं काय केलं असतं, ते सांगा." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अठरा वर्षं परीक्षणं लिहीत होतो. त्या अठरा वर्षांत मी वाचकांना दर आठवड्याला आवडलं की नाही आवडलं, एवढंच सांगत आलो होतो.

कोण कधी काय म्हणालं हे त्यांच्या पक्कं लक्षात राही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक फिटर होता. एका सोमवारी त्यानं वस्तीच्या कप्तानाला शिव्या घातल्या. ताई थांबल्या. "अबे, मागच्या सोमवारी तं तू त्याच्याच बाजूनं होता. पार्टी कधी बदलली?" गाडी हसली. फिटर म्हणाला, "ताई, मागच्या सोमवारी मले सीट भेटली होती." गाडी पुन्हा हसली. मी त्या दिवशी मोजलं. एकोणतीस माणसांनी माना वळवल्या होत्या. माझं परीक्षण वाचून कुणी मान वळवलेली मी पाहिलेली नाही. मंगळवारी त्याच गाडीत माझं पान मला एकदा दिसलं. एका बाईनं त्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि हिरव्या मिरच्या निवडायला घेतल्या होत्या. ताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पेपरवाले भाऊ, तुमचं लिहिलेलं आज लय तिखट झालं." त्यांच्या मनात काही नव्हतं. मला ते दोन दिवस पुरलं.

मालिकेच्या सातव्या भागावरून पुढचं सगळं घडलं. त्या वस्तीत एक यंत्र होतं. मेलेल्या माणसांचे आवाज त्यात साठवलेले होते. घरची माणसं जाऊन त्या आवाजांशी बोलत आणि आवाज उत्तरंही देत. सातव्या भागात वस्तीची वीज संपत येते. वस्तीची प्रमुख, एक इंजिनीअर बाई, ते यंत्र बंद करते. तिच्या नवऱ्याचा आवाजही त्याच यंत्रात असतो. ती बटण दाबते, बाहेर येते आणि रडते. मी वहीत लिहिलं होतं: त्याग, संयत अभिनय, परिणामकारक शेवट.

सोमवारी ताईंनी गोष्ट सांगितली. आजोबा म्हणाले, "तिच्या एकटीचा होता काय तो डबा? दुसऱ्याइच्या घरचेही असतीन ना त्यात. इचारलं काय तिनं कोणाले?"

मागून फिटर ओरडला, "बंद कायले करायचं? लोडशेडिंग करा ना! आपल्या शेतात नाही काय देत लाइन, आठ दिवस दिवसा, आठ दिवस राती. यायच्या बुढ्याचा आवाज सोमवारी, त्यायच्या बुढीचा मंगळवारी."

"माह्या बुढीचा आवाज कोणी मंगळवारीही नोका लावू," कुणीतरी म्हणालं. गाडी हसत असताना शाळेतल्या एक मॅडम मात्र गंभीर होत्या. त्यांनी विचारलं, "पण ताई, तुम्ही काय केलं असतं?"

हा प्रश्न ताईंना कुणी विचारत नसे. "बंद तं मीही केलं असतं," त्या म्हणाल्या. "वीज नसीन तं करावंच लागते. पण घरून निघताना आपण सांगून निघतो ना, येते म्हून. तिनं तेवढं नाही म्हटलं. सरळ गेली न् बटण दाबलं. आवाज तिकडं वाटच पाहत राह्यला असीन." मग त्यांनी डबल बेल दिली आणि गाडी थांब्यावरून हलली.

मी ऑफिसला पोचल्यावर परीक्षण बदललं. पहिला परिच्छेद काढला आणि त्या जागी ते 'येते' घातलं. वाक्याच्या शेवटी लिहिलं, 'असे नेर येथील एका प्रेक्षकाने सांगितले.' नाव मला माहीत होतं. त्यांच्या शर्टावरच्या पट्टीवर ते मी वर्षभर वाचत होतो.

मंगळवारी ऑफिसात फोन आले. त्या वर्षभरात माझ्या कोणत्याही परीक्षणावर आले नव्हते इतके. बुधवारी संपादकांनी बोलावलं. "ते 'येते'वालं कुणी सांगितलं?" मी सांगितलं. संपादक खुर्चीत मागे रेलले. "मग त्यांनाच लिहू द्या ना. दर मंगळवारी पाचशे शब्द, बोलतात तसं, वऱ्हाडीत. तुम्हाला जिल्हा पानावर खूप काम आहे. विचारा त्यांना." मी म्हणालो, "विचारतो." त्या सदरावर माझं नाव होतं, माझा फोटो होता. घरी आई तेवढंच पान कापून ठेवत असे.

पुढच्या सोमवारी मी गाडीत बसलो, मत दिलं, उतरलो. विचारलं नाही. संपादकांना सांगितलं, "नाही म्हणाल्या. सरकारी नोकरी, परवानगीची भानगड." बातमी खरी वाटावी म्हणून कारण द्यावं लागतं, हे मला नोकरीनंच शिकवलं होतं. संपादक "अरेरे" म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. सदर माझ्याकडे राहिलं.

साधारण महिन्यानं संपादक नेरला नातेवाइकाच्या लग्नाला आले. रविवारी मुक्काम झाला, आणि सोमवारी सकाळी ते साडेआठच्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. "म्हटलं, तुमची ती प्रसिद्ध गाडी बघू तरी." ताईंनी नेहमीप्रमाणे तिकिटं फाडली, आजोबांना गोष्ट सांगितली, मतं घेत आमच्या रांगेपर्यंत आल्या. संपादकांनी मत दिलं नाही. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही लिहायला नाही म्हणालात, फार वाईट वाटलं हो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन-चार सेकंद. मी समोरच्या बाकाच्या पाठीवर खरवडलेलं नाव वाचत होतो.

"हो जी, नाहीच म्हटलं मी," त्या संपादकांना म्हणाल्या. "ड्युटीतून वेळ कुठी भेटते." आणि पुढच्या बाकाकडे सरकल्या. पुढच्या माणसाला त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "हं, तुम्ही काय केलं असतं?"

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळं. मला खोटं बोलायला पाच दिवस लागले होते आणि ते जमवावं लागलं होतं. त्या माझ्यासाठी उभ्या उभ्या बोलल्या आणि त्यांचा आवाज हललाही नाही. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला मत विचारणंही बंद केलं नाही. मालिका संपली तेव्हा त्यांनी दुसरी निवडली. मग त्यांची विनंती बदली मंजूर झाली, पांढरकवडा आगारात. सासू-सासरे तिकडे होते आणि दोघांनाही आता सोबत लागत होती. शेवटच्या सोमवारी आजोबांनी त्यांना घरचं तुरीच्या डाळीचं गाठोडं दिलं. फिटर म्हणाला, "ताई, तिकडच्या लोकाइले जास्त हसवू नका. आमच्या वाटणीचं आहे ते."

यवतमाळ स्थानकावर गाडी रिकामी झाल्यावर मी दाराशी थांबलो. म्हणालो, "ताई, संपादकांनी तुम्हाला लिहायला सांगितलं होतं. मी तुम्हाला विचारलंच नाही."

"मले कोणी इचारलं नाही, हे मले माहीत नसीन काय, भाऊ?"

"मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

"भरल्या गाडीत तुमचं तोंड पाहवलं नाही." त्या मशीनमधून सकाळच्या फेरीच्या हिशेबाचा कागद काढत होत्या. "काहून केलं तसं?"

"हेवा वाटला," मी म्हणालो. दुसरं कारण नव्हतं.

त्या हसल्या नाहीत. कागदाची घडी घातली. "लिहिलं असतं मी," त्या म्हणाल्या. "पहिल्या-दुसऱ्या डावाले जमलं नसतं. मंग जमलं असतं." मग त्या कागद जमा करायला नियंत्रकाच्या खिडकीकडे गेल्या. तिथं रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी ऑफिसला आलो.

सदर अजून माझ्याकडे आहे. आता प्रतिक्रियांच्या चौकटीत प्रत्येक प्रेक्षकाचं नाव आणि गाव असतं. नाव नसेल तर मी ते मत छापत नाही. संपादकांना मी हे सगळं सांगितलेलं नाही. आमच्याकडे चूक झाली की खुलासा छापतात, आणि हा खुलासा दोन वर्षं उशिरा आहे. ताईंचं नाव मी इथंही घालत नाही, कारण ते छापायची परवानगी या वेळी तरी त्यांना विचारून घ्यायची आहे.

साडेआठच्या गाडीत आता दुसरे कंडक्टर आहेत. कामात चोख आहेत. तिकिटं फाडून झाली की पुढच्या सीटवर बसतात. फिटर मोबाइल पाहतो. आजोबांना मी एकदा एक भाग सांगायचा प्रयत्न केला. ते सभ्यपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चांगला असीन."

सोमवारी सकाळी पांढरकवड्याहून कुठल्या तरी गावाला एक गाडी सुटत असेल. तिच्यात बसलेल्या, नावं मला माहीत नसलेल्या त्या सगळ्या माणसांचा मला हेवा वाटतो.