किलो तोच राहतो

खालापूरच्या गॅस गोडाऊनमधला तो माणूस फुगण्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्या वेफर्सच्या पाकिटांत भरायला मी घनमीटरवर नायट्रोजन मागितला, की विचारतो, "कुठल्या तापमानाला, ताई? शून्य अंशाला, साध्या दाबाला किलोचा पाऊण घनमीटरहून जरा जास्त होतो. उन्हात आणखी फुगंल, पण किलो तोच हाय."

मी आजारातून उठले तेव्हा गोळ्यांनी चेहरा सुजला होता. "तब्येत सुधारली हो!" सगळे म्हणत. त्यानं मात्र मला सिलिंडरच्या काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी पुढे केली. तेव्हापासून गॅसच्या आधी माझं वजन होतं.

आता सूज उतरलीय. काल शेजारीण हळहळली, "किती वाळलीस गं!"

आज काट्याकडे बघून तो हसला. "हवा गेली, ताई. माणूस वाढलंय."