रंग उडणारच
तुळजापुरात माझ्या भाड्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर एक कंडक्टर बाईही भाड्यानं राहायच्या. घरातसुद्धा भरलेल्या बसमध्ये बोलावं तशा बोलायच्या, आणि बोलण्याआधीच हसायच्या.

मी खोली सोडली तेव्हा घरमालक म्हणाले, "भिंतीचा रंग उडालाय. अनामत मिळणार न्हाय."

माझा चेहराच पडला. बाई जिना उतरून आल्या.

"मामा, माणूस राहिला की रंग उडणारच. त्यापायी अनामत अडवता येत न्हाय. काय मोडलं असंल तर दाखवा."

मामांनी नळ, खिडक्या, दारं तपासली. काहीच मोडलं नव्हतं. त्यांनी सगळी रक्कम परत केली. मी बाईंना मिठीच मारली.

त्या मामांना म्हणाल्या, "आता ही खोली माझ्या बहिणीला द्या."

मामांना हसू फुटलं. "देतो की! पण करार करायला तुमी येऊ नका."