मायच्या सासरचे लेखक

मायला फक्त सही येते. त्यामुळे आमच्या आडनावाची अक्षरं तिच्या ओळखीची. मी सुरतेत कॉलेजात असताना ग्रंथालयातून एक कादंबरी आणली. साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता तिनं मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ आपला माणूस शे."

आडनाव एक म्हणजे नातं असतंच असं नाही, हे मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि या आडनावाचं आणखी कोण लिहितं, ते विचारलं. आमच्या ग्रंथालयात मराठीचं एकच कपाट होतं, तरी त्यात आणखी दोघं सापडले.

नवागाम वस्तीतल्या आमच्या खोलीत मी वाचायची आणि ती हात चालू ठेवून ऐकायची. आडनाव बाबांकडचं, म्हणजे ही सगळी तिच्या सासरची माणसं. सर्वांत जुन्या लेखकाला तिनं थोरला दीर मानलं; त्याचं पुस्तक उघडलं की ती डोक्यावर पदर घ्यायची. दुसरा फार पाल्हाळ लावायचा, तो धाकटा दीर. तिसरी लेखिका होती. ती अर्थात नणंद.

गेल्या वर्षी त्या लेखिका सुरतेत कार्यक्रमाला आल्या. माय पिशवीत खण-नारळ घेऊन निघाली. कार्यक्रम संपल्यावर तिनं आधी त्यांचं गाव विचारलं. त्या नागपूरकडच्या निघाल्या, आम्ही खानदेशातले. नात्याचा काही संबंधच नव्हता. तरी मायनं तिथेच त्यांची ओटी भरली आणि मनात साचलेलं बोलली, "तुम्ही पुस्तकातल्या त्या सुनेला माहेरी धाडलं, अन् परत आणलंच नाही."

मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मात्र मायला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. म्हणाल्या, "मला आणता आलं नाही, वहिनी. खूप प्रयत्न केला."

मग माय स्वतःचं सांगू लागली. लग्नानंतर भांडण होऊन ती दीड वर्ष माहेरी राहिली होती. बाबा दोनदा न्यायला आले आणि एकटेच परत गेले. तिसऱ्या वेळी ते सुरतेत काम धरून, खोली बघून आले, तेव्हा ती निघाली. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

यंदा त्या लेखिकाबाईंचं नवं पुस्तक टपालानं आलं, थेट मायच्या नावावर. मी पाकीट फोडायला गेले, तर तिनं हात धरला. बाबा कामावरून यायचे होते.