‘बुडून राहिलं’ म्हणजे नक्की काय?

“ताई, तुमचं शहर बुडालंय की नाही?”

सकाळी अकराला पुण्याहून मंदारजींचा फोन. मंदारजी माझ्या कादंबरीचे संपादक. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण जन्म जबलपुरात गेल्यामुळे ‘जी’ लावल्याशिवाय माझी जीभ उचलत नाही.

“कोणतं शहर?”

“कादंबरीतलं. नवव्या प्रकरणात ते बुडालेलं आहे. बाराव्यात नायिका तिथल्या माणसांना वाचवायला निघते. मेलेल्यांना कशी वाचवणार? आणि सोमवारी पुस्तक छपाईला जातंय.”



मी फँटसी लिहिते. इथे जबलपुरात, गढ्याच्या बाजारात भाजीवाले भैया विचारतात, “दीदी, आप करती क्या हो?” मी सांगते, “जो नहीं है, वो लिखती हूँ.” ते “अच्छा” म्हणतात आणि कोथिंबीर जरा जास्त घालतात. बहुतेक कीव येत असावी.

लोकांना वाटतं, फँटसीवाल्याची मजा आहे, मनाला येईल ते लिहायचं. अहो, उलट आहे! तुमच्या कथेत बस उशिरा आली तर कोणी कारण विचारत नाही. माझ्या कथेत डोंगर चालला, तर तो आधी कोणता पाय टाकतो हे मला ठाऊक असावं लागतं. त्यासाठी मी एक जाड वही ठेवते. कोणती जादू कुठे चालते, कुणावर चालत नाही, केली की काय गमवावं लागतं, सगळं त्यात. रोजचा पहिला तास ती वही वाचण्यातच जातो. एका प्रकरणात सांगितलेलं दुसऱ्यात मोडू नये, याला आमच्या कामात कंटिन्युइटी म्हणतात. मंदारजींच्या मते माझी कंटिन्युइटी साफ झोपली होती.

मी नववं प्रकरण उघडलं. डोंगरातले लोक खिंडीतल्या शिळेवर चार शब्द कोरून ठेवतात: ‘आमचं शहर बुडून राहिलं.’

“बरोबर तर आहे,” मी म्हटलं. “बुडून राहिलं. अजून वेळ आहे.”

“वेळ कसला? बुडालं आणि तसंच राहिलं. कायमचं.”

“नाही हो! बुडत आहे.”

“मग तसं लिहा ना, ताई.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं घराणं मूळचं नागपूरकडचं. घरात सगळे ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिली’ असंच बोलतो, आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. कादंबरी मात्र मी हट्टाने पुस्तकी मराठीत लिहिली होती. एकेक ओळ घासूनपुसून. आणि नेमकी त्या शिळेवर घरची बोली निसटली. चार वेळा प्रुफं वाचून मला दिसली नाही, कारण माझ्या कानाला ती चूक नव्हतीच. कानकोंडी झाले मी.

“बदलून टाकते,” मी म्हटलं.

“आणि ते वादळही बघा,” मंदारजी म्हणाले. “पटत नाही.”

ते मलाही तीन वर्षं पटत नव्हतं. शत्रूचा राजा सगळं सैन्य घेऊन खिंडीपर्यंत येतो. पुढे आला तर शहर लुटलं जाणार, नायिका पोचेपर्यंत तिथे कोणी उरणार नाही, कादंबरीच संपली. म्हणून तो परत फिरायला हवा. का फिरतो? कारण सापडेना, तर मी वादळ आणलं. लेखकाचं डोकं चालेनासं झालं की पुस्तकात हवामान बिघडतं.

मी बाहेर आले. आई खाली बसून मटार सोलत होती.

“आई, ‘बुडून राहिलं’ म्हणजे काय गं?”

“काहून विचारून राहिली?”

“पुण्याचे म्हणतात, बुडून संपलं.”

“येडे झाले काय ते? संपलं तर बुडलं म्हणू ना!” आईने आणखी चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “तुझे बाबा दवाखान्यात मरून राहिले होते. डॉक्टर म्हणे, अब कुछ नहीं है, अम्मा. मी म्हटलं, मरून राहिले, मेले नाहीत. चमच्यानं पाणी पाजलं. पाच दिवस बोलले माझ्याशी.”

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. एकाच खाटेवरचा एकच माणूस. डॉक्टरला तो संपलेला दिसला, आईला त्यात पाच दिवस दिसले.

आणि मग मला तो राजा दिसला. तो मैदानातला, डोंगरातली बोली त्याला काय ठाऊक! शिळा वाचून तो म्हणणार, शहर बुडालं, आता तिथे काय ठेवलंय? आणि सैन्य मागे वळवणार. दोन दिवसांनी नायिका तिथे येणार, तेच चार शब्द वाचणार, आणि जीव खाऊन धावत सुटणार.

मी आईशेजारी जमिनीवरच बसले. बाप रे! तीन वर्षं मी मंत्र रचत होते, वहीत नियम लिहीत होते. इतकी चोख जादू मला एकदाही जमली नव्हती. आणि ही आमच्या घरात रोज चहा मागतानासुद्धा वापरली जात होती. कुणी बनवली असेल? किती माणसांच्या तोंडून फिरत माझ्यापर्यंत आली असेल?

मी मंदारजींना फोन लावला, सगळं सांगितलं.

“ताई, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं?”

हो म्हणायचा मोह झाला. “नाही जी. चूक होती.”

“चूक असू द्या,” ते म्हणाले. “वादळ काढा.”

शनिवार-रविवार बसून मी वादळ काढलं. सोमवारी पुस्तक छपाईला गेलं. आता वाचकांचे फोन येतात. पुणे-मुंबईकडचे म्हणतात, शिळेपाशी राजासारखेच आम्हीही फसलो. नागपूरकडचे विचारतात, यात फसण्यासारखं काय होतं?

धडा तसा कोरडा आहे. संपादकाने चूक दाखवली की ती खोडण्याआधी, तो शब्द आपण ज्याच्याकडून शिकलो त्याला विचारून यावं. त्यासाठी तो माणूस असावा लागतो. आई ब्याऐंशीची आहे. मी हल्ली रोज काहीतरी विचारते.