सुकलालची हजेरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही – त्याला ठाऊक असेलच, अशी सोयीची समजूत करून घेऊन मी तिथेही दुसरंच काहीतरी मागत राहिलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायला छाती लागते, आणि ती माझ्याकडे कधीच नव्हती. ते पुढे कळेलच.

सुरतेतली गोष्ट आहे. नव्वदच्या आगेमागची, प्लेगच्या साथीच्या आधीची वर्षं. मी धुळ्याकडचा, बी.कॉम. झालेला, बमरोलीत कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये टाइमकीपर होतो. गेटाशेजारी माझी केबिन. खिडकीतून मिलची गटार दिसायची – आज जांभळी, उद्या हळदीसारखी पिवळी, परवा हिरवीगार. आत कुठला माल चाललाय ते लोक गटारीकडे बघून सांगायचे. आणि आत कायम वाफ. माणसं वाफेतून यायची, खिडकीशी हजेरीचं कार्ड द्यायची, घ्यायची, परत वाफेत जायची. आता आठवतं तेही तसंच, अर्धंमुर्धं. चेहरे दिसतात, पाय दिसत नाहीत. कधी कधी वाटतं, मी ते सगळं पाहिलं की नुसतं स्वप्नात आलं? मग मस्टर आठवतं. मस्टर स्वप्नात आलेलं नाही. ते माझ्या हातचं आहे.

माझं अक्षर फार सुरेख होतं हो. स्वतःच सांगतो, दुसरं कोण सांगणार? महिन्याच्या एक तारखेला कोरं पान उघडून नावं उतरवायला बसलो की मला पूजा मांडल्यासारखं वाटायचं.

तर त्या मस्टरमध्ये एक नाव होतं, सुकलाल. आणि त्या नावाचा माणूस मिलमध्ये नव्हता.

हे कसं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल. आमचे खानदेशी लोक लिंबायतमध्ये राहायचे आणि पेरणीला, लग्नाला, कुणी आजारी पडलं तर गावी पळायचे. सुट्टी मागितली तर जागा जायची. मग करायचं काय? भाऊ नाहीतर चुलतभाऊ आणून उभा करायचा. त्यानं तेच कार्ड द्यायचं, त्याच नावाला ओ द्यायची. जागा राखणं म्हणायचे त्याला. सुपरवायझरला माहीत, मॅनेजरला माहीत, मला तर माहीतच. कुणाचं काही अडत नव्हतं. कापड रंगत होतं ना, मग झालं.

सुकलाल असाच दोन महिन्यांसाठी गेला आणि चुलतभावाला ठेवून गेला. हा भटू. गेलेला सुकलाल परत आलाच नाही, साक्रीकडे शेतीत रमला. भटू राहिला. सहा-सात वर्षं तो सुकलाल म्हणून कामाला येत होता. रोज खिडकीशी यायचा, कार्ड हातात घेऊन मिशीत हसत विचारायचा, “नाना, आते मी कोन शे?” आता मी कोण? मी म्हणायचो, चल, सुकलाल, आत पळ. रोजचा आमचा खेळ होता तो. मला तो आवडायचा – हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच आवडायचा. दिवाळीला त्याच्या घरून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी यायची, आणि मी चाटूनपुसून खायचो.

मध्ये एकदा तो म्हणाला होता, नाना, मला माझ्या नावावर करून द्या. मी म्हणालो, कशाला त्या भानगडीत पडतोस? सुकलालची नोकरी जुनी आहे, तुझ्या नावानं नवा धरतील. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. नवं नाव घालायचं तर, सगळ्यांना माहीत असलेलंच, पण मॅनेजरपुढे उभं राहून तोंडानं सांगावं लागलं असतं, की इतकी वर्षं भलत्याच माणसाला हजर लावत होतो. तेवढंही माझ्याच्यानं झालं नसतं. तो ऐकून म्हणाला, तुम्ही म्हणता तर तसं. आणि गेला.

मग तो दिवस. सकाळी अकरा-साडेअकरा. आत स्टेंटर म्हणून एक लांबलचक यंत्र असतं, ओलं कापड ताणून वाळवणारं. त्यात भटूचा उजवा हात गेला. मी पाहिलं नाही. मला फक्त यंत्र बंद पडल्याची शांतता ऐकू आली. रोजच्या घरघरीत ती इतकी मोठी वाटली, की मी पेन खाली ठेवलं. नंतर चौघं जण त्याला रिक्षात घालून घेऊन गेले. हात एका गुलाबी कापडात गुंडाळलेला होता, मिलच्याच मालात.

सरकारी दवाखान्यात त्याची बायको निंबाबाई धावत पोचली. तिथे तिला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? तिनं जन्मात कधी ते घेतलं नव्हतं. आमच्यात बायका घेत नाहीत. तिनं डोळे मिटून, पदर तोंडाशी धरून ते उच्चारलं. भटू. मिलमध्ये तो सुकलाल आहे हे तिला माहीत होतं, पण नवरा मरणाच्या दारात असताना बाईनं दुसऱ्याचं नाव सांगायचं? मला ती नंतर म्हणाली, “माले त्यासनं नाव लेनं पडनं, नाना.” जणू काही तिचीच चूक झाली होती.

दवाखान्याच्या कागदावर भटू. मिलच्या मस्टरमध्ये सुकलाल. आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हात मनगटापासून गेला. त्याच्या जोडीदारांनी त्याला युनियनच्या वकिलाकडे नेलं आणि मिलवर दावा लागला. हाताची भरपाई द्या, काम द्या. मिलनं कामगार न्यायालयात उत्तर दिलं, हा भटू नावाचा माणूस आमच्याकडे कधी कामाला नव्हताच. आमच्याकडे सुकलाल आहे, आणि तो धडधाकट आहे. साक्षीला कोण? टाइमकीपर. कोर्टात माझं मस्टर ठेवलं गेलं. न्यायाधीशांनी पानं उलटली आणि गुजरातीत म्हणाले, अक्षर छान आहे. आणि मला – काय सांगू तुम्हाला – त्या क्षणी मला बरं वाटलं.

भटूच्या वकिलानं मला विचारलं, “आ भाईने ओळखो छो?” या भाईला ओळखता का? भटू समोरच होता, आठ-दहा हातांवर. पंखा सावकाश फिरत होता. खिडकीबाहेर कुणीतरी उसाच्या रसाच्या गाड्याची घंटी वाजवत होतं, आणि मला वाटलं, की आपण पाण्याखाली उभे आहोत आणि हे सगळं वर कुठेतरी चाललंय.

“ना, साहेब,” मी म्हणालो.

एवढंच. दोन शब्द. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली? नाही. एवढंच असतं तर कदाचित आधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. मालकानं दबाव आणला, पोटापाण्याचा प्रश्न होता – चार लोकांनी मान डोलावली असती. असं ऐकून घेतात लोक.

पण दबाव कुणी आणला होता? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यांचे सरकारी निरीक्षक येणार असं कळलं. मॅनेजर माझ्या केबिनमध्ये आला. भला माणूस होता, घाबरला होता. म्हणाला, “महेताजी, हवे शुं करवानुं?” हजेरी-हिशेबाच्या कारकुनाला तिकडे महेताजी म्हणतात. आता काय करायचं? त्यानं मला काही कर म्हटलं नव्हतं. त्याला तर वाटत होतं, की आता भरपाई द्यावी लागणार. मीच म्हणालो. मी म्हणालो, साहेब, दवाखान्यात नाव भटू लिहिलंय. भटू आपल्याकडे नाही. आपल्याकडे सुकलाल आहे.

आणि पेन उचलून मी त्या दिवशीही सुकलालला हजर लावलं. पुढच्या दिवशीही. भटू दवाखान्यात पडून होता, खरा सुकलाल साक्रीला कांद्याला पाणी देत होता, आणि माझ्या मस्टरमध्ये सुकलाल दोन्ही हातांनी पूर्ण महिनाभर काम करत होता. निरीक्षकानं पान पाहिलं, सही केली, चहा घेतला आणि गेला.

का केलं मी असं? मला खरंच भीती होती, की चौकशी झाली तर पहिला प्रश्न मलाच येईल – याला इतकी वर्षं हजर कोण लावत होतं? पण भीती सगळी नव्हती. युक्ती सुचली याचा आनंद होता. मॅनेजरच्या चेहऱ्यावर जीव आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा फुललो. हे मी कधी कबूल केलं नव्हतं. स्वतःशीही नाही.

युनियनवाल्यांनी खऱ्या सुकलालला साक्षीला बोलावलं होतं. तो आलाच नाही. आपल्यावरच फसवणुकीचा गुन्हा लागेल म्हणून घाबरला. मी त्याला काय नावं ठेवू? जोडीदारांनाही आपली नोकरी होती. त्यांतले किती जण स्वतः दुसऱ्याच्या नावावर होते, ते मला पाठ होतं. एकही उभा राहिला नाही. दावा पडला. भटू आणि निंबाबाई लिंबायतची खोली सोडून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. मी पुढे बारा वर्षं त्याच केबिनमध्ये त्याच खुर्चीवर बसलो.

आणि अजून एक आहे. मी पहिल्यापासून त्याच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

माझ्या साक्षीच्या आधीच्या तारखेला भटूची साक्ष झाली होती. मी मिलच्या वकिलाची फाइल घेऊन मागच्या बाकावर बसलो होतो. आमच्या वकिलानं भटूला उलटतपासणीत घेरलं. दुसऱ्याच्या नावावर कामाला जात होतास म्हणतोस – कुणी सांगितलं होतं तसं करायला? टाइमकीपरला माहीत नव्हतं का?

वकिलाला तो प्रश्न गंमत म्हणून विचारायचा होता. पण भटूनं माझं नाव घेतलं असतं तर दाव्याला बळ आलं असतं, आणि मी कामावरून गेलो असतो. कदाचित तुरुंगातही. भटूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उजव्या बाहीचं टोक रिकामं, मनगटाशी दुमडून पिन लावलेलं. मग तो मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाला, “कोईए नथी कीधुं, साहेब.” कुणी नाही सांगितलं. टाइमकीपरांना काही माहीत नव्हतं. मीच करत होतो.

त्याच्या वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. भटू मात्र शांत होता. त्याला वाटलं असणार, की नानाची नोकरी आता आपण वाचवली, तर नाना पुढे आपलं खरं सांगेल. वेळ आली की सांगेल. निदान ओळखतो एवढं तरी म्हणेल.

पुढच्या तारखेला मी कोर्टात शिरलो तेव्हा ती दोघं आधीच येऊन बसली होती. मला पाहून भटूचा चेहरा उजळला. “नाना उनात,” तो बायकोला म्हणाला. नाना आले. निंबाबाईनं डब्याची पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली, मला जागा केली. “या, आठे बठा,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवून पलीकडे मिलच्या वकिलाशेजारी जाऊन बसलो. तरी तिनं पिशवी खाली ठेवली नाही. तिला वाटलं असेल, कोर्टाची काही रीत असेल.

मग माझं नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात उभा राहिलो, आणि ते दोन शब्द म्हणालो.

खाली उतरलो तेव्हा भटू आपल्या वकिलाच्या बाहीला डाव्या हातानं धरून विचारत होता, नाना काय म्हणाले? पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याला वाटत होतं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. वकिलानं त्याला सांगितलं. मी तोवर दारापर्यंत पोचलो होतो, आणि थांबलो नाही.